शेजारणीला दिलेली काळी वाळू

पीनाचं अंगण विषारी निघालं आणि माझं निघालं नाही, हे माती तपासायला आलेल्या टीगनने मला अशा चेहऱ्याने सांगितलं की जणू मला लॉटरीच लागली होती. मी म्हटलं, "पुन्हा तपास."

"सगळीकडे तपासलंय, बेरिल." बंदुकीसारखं दिसणारं ते यंत्र तिने कमरेच्या पट्ट्याला अडकवलं. "मातीला टेकवायचं आणि आकडा बघायचा. तुमचे सगळे आकडे मर्यादेच्या आत आहेत."

"शेडच्या मागे टेकवलंस?"

"टेकवलं."

"कपड्यांच्या दांडीखाली?"

"तिथेही. अहो, शिसं नाहीये तुमच्या मातीत. म्हणजे आहे, पण या गावात असायचं तेवढंच. खूश व्हा की!"

"झाले हो खूश," मी म्हटलं आणि दार लावून घेतलं.

खूश कशाची होतेय! पोर्ट एल्डरमध्ये ज्याचं अंगण मर्यादेबाहेर, त्याची चंगळ. त्याच्याकडे माणसं येतात, जुनी माती हातभर खोल उचलून नेतात, शेताकडची चांगली माती आणून ओततात, वर हिरवळीच्या गुंडाळ्या सतरंजीसारख्या अंथरतात, फुलांचे वाफे करून देतात, आणि हे सगळं फुकट. ज्याचं अंगण मर्यादेच्या आत, त्याला एक पत्रक. ओल्या फडक्याने फरशी पुसा, जेवणाआधी हात धुवा, बूट दाराबाहेर काढा. शहात्तर वर्षांच्या बाईला हात धुवायला शिकवतात मेले! पीनाला बाग आणि मला पत्रक. हा न्याय माझ्या ओळखीचा होता. कुंपणाच्या त्या बाजूला सुख आणि या बाजूला सल्ला, असंच आयुष्यभर चालत आलेलं.

शिशाचा कारखाना बंद पडला तेव्हा गाव रडलं होतं. आता धुराडं पाडून झालंय आणि त्याच्याखालची जमीन खरवडून काढताहेत. तिकडून उडालेली धूळ गावात येते का, हे बघायला कुंपणाकुंपणांवर हवा मोजायच्या पांढऱ्या पेट्या बसवल्या. आमच्या रस्त्यावर एकच पेटी आली, आणि ती कुणाच्या मागच्या कुंपणावर? पीना टॅसोनेच्या. पेटी दिवसभर गुरगुरत हवा ओढते. वर एक दिवा आहे, तो हिरवा असला की ठीक, लाल झाला की सगळीकडचं खोदकाम बंद. पीना तिला 'माझा भाडेकरू' म्हणायची. "भाडं देत नाही गं, पण घरात कुणीतरी घोरतंय असं वाटतं, बरं वाटतं," असं मला कुंपणावरून ऐकवायची. पेटीतला फिल्टर बदलायला टीगन दर आठवड्याला तिच्याकडे यायची आणि तासभर बदामाची बिस्किटं खात बसायची. मी विचारलं होतं टीगनला, माझ्या कुंपणाने काय घोडं मारलंय? तर म्हणे तुमच्या त्या उंच झाडामुळे वारा अडतो.

आता मूळ दुखणं सांगून टाकते, नाहीतर तुम्हाला वाटेल म्हातारी गवतासाठी रडतेय. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? माझ्या नवऱ्याचा, मर्व्हचा, पीनावर जीव होता. निदान मी तसं धरून चालले होते. पकडलं कधीच नाही. गेल्या हिवाळ्यात तो गेला, फुप्फुसांनीच नेलं त्याला. शेवटच्या दिवसांत उशाशी बसून मला सारखं विचारावंसं वाटे, की बाबा रे, तुझं आणि तिचं काही होतं का? पण मरणाऱ्या माणसाला खोटं बोलायचं कारण नसतं. तो 'हो' म्हणाला असता तर मी काय केलं असतं? नाही विचारलं. आणि पीनाला विचारायचं म्हणजे आपल्या हाताने तिच्या डोक्यावर मुकुट ठेवायचा.

हे सगळं सुरू झालं एका ट्रकपासून. कारखान्याची पद्धत होती. नाताळाच्या आधी पाळीपाळीने कामगारांच्या दारात काळ्या वाळूचा एकेक ट्रक फुकट रिकामा करायचे. शिसं वितळवून काढलं की मागे जो काळा, चमकणारा चुरा उरायचा तीच ही वाळू. आमचं गाव खाडीच्या चिखलावर वसलेलं, हिवाळ्यातल्या पावसात अंगणात तळं व्हायचं. ही वाळू पसरली की अंगण सपाट आणि कोरडं. जिच्या दारात ट्रक आला तिचं नाक आठवडाभर वर. आमची पाळी आली तेव्हा पीनाचा रेन्झो नुकता चालायला लागला होता. माझी दोघं त्याच्याहून थोडी मोठी.

ट्रक फाटकापाशी रिकामा झाला. मर्व्ह बाहेर आला, ढिगाभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला, "आपल्याला नको."

"नको? डोकं फिरलंय का? अंगणात बदकं पाळायचीत?"

"नको म्हटलं ना, बेरिल."

सुट्टीच्या दिवशी फावडं उचलायचं म्हटलं की मर्व्हच्या अंगात कसकस यायची, हे मला ठाऊक होतं. मी तोंडाचा पट्टा सोडणार, एवढ्यात कुंपणावरून पीनाचा आवाज आला.

"तुम्हाला नको असेल तर आम्हाला द्याल का, मर्व्ह? नेल्लोची पाठ धरलीय, आमची पाळी येईल तेव्हा येईल. हा पोरगा दिवसभर चिखलात लोळतो हो!"

अंगात बिनबाह्यांचा पिवळा झगा, केस मोकळे, कडेवर पोर. तशी ती दिसायला चांगलीच होती, खोटं कशाला बोलू. मर्व्ह तिच्याकडे बघतच राहिला. तोंड उघडलं, मिटलं. डोक्यावरची टोपी काढून हातात फिरवायला लागला. मी दारात उभी, आणि माझ्या देखत माझ्या नवऱ्याला परक्या बाईसमोर शब्द फुटत नाहीये! शेवटी काहीएक न बोलता त्याने एकचाकी गाडी काढली आणि माझ्या वाटणीचा ढीग तिच्या अंगणात नेऊन ओतला. ज्याला फावड्याचं नाव नको असायचं, त्याने सगळा शनिवार-रविवार खपून तिला अंगण सपाट करून दिलं. माझ्या अंगणातले खड्डे आजही तसेच आहेत.

तिथून पुढे मग काय, त्याची पावलं तिकडेच. तिच्या घराची पन्हळ गळली की मर्व्ह शिडी घेऊन हजर. तिचा नवरा नेल्लो वारल्यावर गवत कापायला मर्व्ह, आणि ते तरी कसं? आधी नळी धरून सगळं गवत ओलं करायचं, मग मशीन फिरवायचं. फुलझाडांना पाणी घालावं तसं प्रेमाने. माझं गवत कोरडंच कापायचा, शिव्या घालत. रेन्झो शाळेत मागे पडला, अक्षरं काही त्याच्या डोक्यात शिरेनात. मर्व्ह दर रविवारी त्याला धक्क्यावर मासे धरायला न्यायला लागला. स्वतःच्या मुलाला कधी नेलं नाही. मी म्हटलं, "आपला कॉलिन काय पाप करून आलाय?" तर म्हणाला, "कॉलिनचं चाललंय की छान." त्याच सुमाराला त्याने पीनाच्या कपड्यांच्या दांडीजवळ सिमेंटचा एक चौकोन ओतून दिला. मी आमच्या मागच्या दारापाशी सिमेंट मागून मागून थकले होते. आणि वर कहर म्हणजे आमच्या मुलांना तिच्या अंगणात खेळायला जायची बंदी. मी काय दूधखुळी होते? म्हटलं, पोरं बघतील आणि घरी येऊन बोलतील, याची भीती वाटतेय गड्याला.

मी कधी भांडले नाही असं नाही. ताटं आपटली, आठवडा आठवडा अबोला धरला. तो ऐकून घ्यायचा आणि रविवारी पुन्हा मासे धरायला जायचा. पीनाशी मात्र माझं वरून गोड. तिचा टोमॅटोचा सॉस मी घ्यायची, माझे लॅमिंग्टन केक ती घ्यायची, आणि मनातल्या मनात माझा तिळपापड चालू असायचा.

तर पीनाच्या अंगणाचं काम मार्चमध्ये सुरू झालं. मी स्वयंपाकघराच्या खिडकीत खुर्ची टाकून बसले. पांढरे झगे, तोंडाला मुसक्या, छोटा जेसीबी, आणि एकजण नुसता पाणी शिंपडायला. किती तो थाट! पीना दाराशी उभी राहून सगळ्यांना नावाने हाका मारत होती. दुपारी तिने माणसांना मांसाचे गोळे आणि पाव वाढला. रेन्झोला त्यांनी पिवळं जाकीट दिलं होतं. आता पन्नाशीला आलेला तो बाप्या, बोलिंग क्लबचं गवत कापतो. पण पेटीवरच्या दिव्यावर लक्ष ठेवायचं काम मिळाल्यावर असा ताठ उभा राहिला, की मला सुद्धा हसू आलं. लगेच आवरलं मी ते.

गवताचा थर निघाला आणि खाली काळा थर दिसला. केक कापल्यावर मधला थर दिसतो तसा सरळ, कुंपणापासून कुंपणापर्यंत. माझा ट्रक. इतक्या वर्षांनी त्याला बघून माझ्या पायाची आग मस्तकात गेली. बघा, म्हटलं, किती मन लावून पसरलाय!

दुसऱ्या दिवशी उत्तरेचा वारा सुटला. आमच्याकडे उत्तरेचा वारा वाळवंटातून येतो, भट्टीचं दार उघडल्यासारखा, गावातलं पोरसुद्धा तेव्हा दारं लावून घेतं. दिवा लाल झाला आणि रेन्झो बोंबलला, "लाल! लाल! थांबा सगळे!" माणसांनी भराभर ताडपत्र्या टाकल्या, कडेला वाळूच्या पिशव्या ठेवल्या आणि ती गाडीत जाऊन बसली. पीनाच्या घराची दारं-खिडक्या चिकटपट्टी लावून बंद. टीगनला बसायला जागा उरली नाही, म्हणून ती माझ्या दारात आली. बिस्किटांच्या घरी कुलूप लागल्यावर मी आठवले! तरी मी चहा टाकला.

"तुम्हाला एक विचारू?" तिने मुसकी काढली. नाकावर वळ उठला होता. "ती काळी वाळू. पीना म्हणते मर्व्हनी दिली. तुमच्या पाळीचा ट्रक होता म्हणे."

"होता. दिला त्याने तिला. फार उदार होता शेजाऱ्यांच्या बाबतीत."

माझा टोमणा तिच्या डोक्यावरून गेला. "नशीब म्हणायचं तुमचं. अहो, ती नुसती काळी वाळू नाहीये. नुसत्या वाळूचे आकडे इतके वर जात नाहीत. तिच्यात धूळ मिसळलीय, पिशव्यांच्या खात्यातली."

पिशव्यांचं खातं मला कुणी समजावून सांगायला नको होतं. धुराड्यात जाण्याआधी धूर मोठमोठ्या कापडी पिशव्यांतून गाळायचे. पिशव्या झटकल्या की खाली पिठासारखी राखाडी धूळ पडायची, आणि तीच सगळ्यांत जहाल. मर्व्ह तिथेच होता कामाला. दर महिन्याला त्याचं रक्त तपासायचे. घरी आला की मागच्या धुणीघरात सगळे कपडे काढून, अंगावर पाणी ओतूनच आत यायचा. मी म्हणायची, काय बाई हा नवाबी थाट.

"ती धूळ वाळूत आली कशी?" मी विचारलं.

"पुरायला खर्च यायचा, म्हणून त्या एका वर्षी वाळूच्या ढिगावर ओतत होते. वरूनच हुकूम असणार. त्या खात्यातली माणसंच ओतायची, गाड्या भरभरून. बाकी कुणाला पत्ता नाही. काळ्यात थोडं राखाडी, माहीत असेल त्यालाच ओळखू येणार." तिने चहात साखर ढवळली. "गंमत सांगते. मी बोलिंग क्लबात म्हाताऱ्यांना विचारलं, की काही घरांमध्ये ही वाळू का नाही? तर हसायला लागले. म्हणाले, पिशवीवाल्यांपैकी एकानेही त्या वर्षीचा ट्रक घेतला नाही, कुत्र्याच्या खोपटाखाली सुद्धा टाकली नाही त्यांनी ती वाळू. पण बोलायची सोय नव्हती म्हणे. जो बोलला तो फाटकाबाहेर."

मी साखरेच्या डब्याचं झाकण लावलं.

"मर्व्ह कुठल्या खात्यात होते हो?"

"ऑफिसात," मी म्हटलं.

का म्हटलं? बायको ना मी. तोंडातून निघून गेलं.

"असं होय." टीगनने मान डोलावली. "आणखी एक चमत्कार बघा. तिथे कपड्यांच्या दांडीजवळ सिमेंटचा चौकोन होता. तो उचलला तर सगळ्यांत वाईट आकडा नेमका त्याच्याखाली. पीना म्हणते लहानपणी रेन्झो तिथेच खणत बसायचा, माती तोंडात घालायचा. ज्याने ते सिमेंट ओतलं, त्याने नशिबाने बरोबर जागा धरली."

"नशिबाने," मी म्हटलं.

ती गेली आणि मी तिथेच बसून राहिले. बाहेर वाऱ्याने ताडपत्र्या फडफडत होत्या. मर्व्ह टोपी हातात फिरवत उभा होता, तोंड उघडत होता, मिटत होता. अप्सरा दिसली म्हणून नव्हे. 'पीना, ही नेऊ नकोस,' एवढंच त्याला म्हणायचं होतं. म्हणाला असता तर का, ते सांगावं लागलं असतं, आणि ते सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत कारखान्यात पोचलं असतं. आम्हाला घराचे हप्ते होते, दोन पोरं होती. आणि तिने कुंपणावरून मागितलं होतं, सगळ्या रस्त्यासमोर. म्हणून त्याने ते विष स्वतःच्या हाताने नेऊन तिच्या अंगणात पसरलं आणि वरून दाबून सपाट केलं.

नंतरचं सगळं मग ओळीने उलगडत गेलं. धूळ उडू नये म्हणून आधी ओलं करून कापलेलं गवत. आमच्या पोरांना बंदी. सिमेंट. दर रविवारचे मासे. प्रेमाबिमाचं काही नव्हतं ते. तो माणूस आयुष्यभर दंड भरत होता, आणि मी खिडकीत बसून त्यालाच प्रीत समजत होते. माझा कॉलिन पर्थला इंजिनीअर झाला आणि पीनाचा रेन्झो अजून बसवरचं गावाचं नाव लोकांना विचारतो. 'कॉलिनचं चाललंय की छान.' असं म्हणाला होता मर्व्ह.

आगीतून उठून फुफाट्यात पडणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. एवढी वर्षं मी देवाकडे एकच मागत होते, की त्याचं पीनावर मन नसू दे. आता मी उठले आणि शेडकडे गेले. त्याच्या सगळ्या पेट्या उपसल्या. कशासाठी? पुरावा सापडावा म्हणून! तिची एखादी पिन, एखादा रुमाल, एखादा फोटो. काहीही चाललं असतं. देवा, म्हटलं, असू दे ना त्याचं तिच्यावर प्रेम. तिच्या रूपाला भुलून त्याने माझा ढीग उचलून दिला असेल, वाळूत काय आहे ते त्याला कळलंच नसेल, असं काहीतरी निघू दे. दुसऱ्या एखाद्या बाईने असला नवस बोलला असेल का हो? गळ निघाले, दोऱ्या निघाल्या, वाकलेले खिळे निघाले. मेल्याने तिची एक चिंधी जपून ठेवली नव्हती.

वारा पडला, काम पुन्हा सुरू झालं. काळा थर झाकलेल्या ट्रकांतून गेला, नवी माती आली, हिरवळ अंथरली गेली. मी खिडकीतली खुर्ची काढून टाकली. पीनाशी कुंपणावर गाठ पडू नये म्हणून मी कपडे घरातच वाळत घालायला लागले. पण गाठ पडायची ती पडलीच. एके दुपारी तिने कुंपणावर टकटक केलं आणि म्हणाली, "बेरिल, ये ना इकडे. माझ्या हिरवळीवर पाय ठेवून बघ. किती दिवस तोंड लपवणार आहेस?"

गेले. गवत गार होतं, मऊ होतं, आणि इतकं हिरवं की खोटं वाटावं. तिने दोन खुर्च्या टाकल्या होत्या. रेन्झो पेटीपाशी उभा होता. मला बघून ओरडला, "आंटी, हिरवा आहे!"

"छान रे," मी म्हटलं.

पीना खुर्चीत टेकली. मग म्हणाली, "टीगनने मला बसवून सांगितलं. रेन्झोचं. खात्रीने कुणीच सांगू शकत नाही म्हणते, पण त्या वयात, त्या जागी, एवढं शिसं..." तिने झग्याची कड चुरगाळली. "माझी सासू म्हणायची, पोटुशी असताना शिडीवर चढलीस म्हणून असा झाला. जन्मभर मी ती शिडी डोक्यावर घेऊन फिरले गं."

"तुझा काही दोष नव्हता," मी म्हटलं.

"हो. पण मग कुणाचा?" तिने सरळ माझ्याकडे पाहिलं. डोळे अजून तसेच आहेत तिचे, काळेभोर. "बेरिल, मर्व्ह ऑफिसात नव्हता. टीगन पोरगी आहे, तिला काय माहीत. मला माहीत आहे तो कुठे होता. तुझ्या दोरीवर त्याचे ते राखाडी कपडे मी रोज बघायची. तू त्याची बायको आहेस, तूच सांग. त्याला ठाऊक होतं?"

मला काय वाटलं ते सांगते. मला वाटलं, हो म्हणावं. जवळजवळ पन्नास वर्षं हिने माझी झोप उडवली, आता हिची उडू दे. आणि दुसऱ्या क्षणाला रेन्झोकडे नजर गेली. मर्व्हने दिलेली जुनी मासेमारीची टोपी त्याच्या डोक्यावर होती. मर्व्हचं नाव काढलं की त्या माणसाचा चेहरा अजून उजळतो. हो म्हटलं असतं तर त्या दोघांकडे काय उरलं असतं?

"वेडी का खुळी तू?" मी म्हटलं. "त्याला कसलं ठाऊक! अगं, तो तुझ्यावर लट्टू होता. त्या दिवशी तू पिवळा झगा घालून कुंपणाशी आलीस, आणि माझ्या नवऱ्याची बोबडी वळली. माझ्या वाटणीचा ट्रक उचलून दिला तुला गाढवाने. चंद्र मागितला असतास तर तोही आणून पसरला असता."

"काहीतरीच काय!"

"काहीतरीच कसं? मी जन्मभर जळलेय त्याच्यावरून. ताटं फोडलीत मी, ताटं! तुला कधी ऐकू नाही आली?"

"ऐकू यायची," पीना म्हणाली. "मला वाटायचं तुझ्या हातून पडतात."

मग तिचा हात आपोआप केसांकडे गेला. पांढरे झालेत सगळे, पण तिने एक बट कानामागे सारली, आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांची ती बाई माझ्या डोळ्यांदेखत लाजली. खांदे सैल पडले तिचे. "म्हणून तो एवढं करायचा," ती हळूच म्हणाली. "रविवारी रेन्झोला न्यायचा ते. मी म्हणायची, हा माणूस एवढा चांगला कसा? माझ्याशी कधी एक शब्द वावगा बोलला नाही गं, शपथ. नजर वर करून बघायचा सुद्धा नाही."

"असाच होता तो," मी म्हटलं. "भित्रा."

रेन्झो गवतावर उताणा पडला होता. पीना त्याच्याकडे बघत होती, पण तिचं लक्ष तिथे नव्हतं. थोड्या वेळाने तिने मला विचारलं, अगदी चाचरत, लहान मुलीसारखं, "रविवारी तू त्याच्या कबरीवर जातेस ना? मी येऊ का? एकदा फुलं ठेवीन म्हणते त्याला. तुला राग येणार नसेल तर."

"तूच जाऊन ये," मी म्हटलं. "माझे गुडघे दुखतात."

ती लगेच उठली. कुठली फुलं न्यावीत, त्याला काय आवडायचं, असं मलाच विचारत आत गेली, आणि आतून कपाटं उघडल्याचे आवाज यायला लागले. रविवारी काय घालायचं ते बघत असणार. मी तिच्या हिरवळीवर बसून राहिले आणि जळत राहिले. इतकी वर्षं जळले, पण त्या दुपारी जळले तशी कधी नव्हते जळले. चांगला मर्व्ह मी तिला देऊन टाकला होता, आणि संध्याकाळी मला घरी त्या दुसऱ्या, सगळं ठाऊक असलेल्या मर्व्हकडे जायचं होतं.